ताई ची, शिंगयी, बाग्वा : जुन्या वळणाने शिकावं की नव्या?

रानजाई

नमस्कार मंडळी. ताई ची, शिंगयी आणि बाग्वा या चिनी युद्धकलांपैकी इथे ताई ची करणारे बरेच जण आहेत, शिंगयी आणि बाग्वा करणारेही दोघे-तिघे आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं. म्हणून प्रश्न थेट मांडते.

मी पुण्यात एका वर्गात ताई चीचा २४ चा फॉर्म, म्हणजे ठरावीक क्रमाने बसवलेल्या २४ हालचाली, शिकले. सर मन लावून शिकवतात, वर्गाला साठीच्या पुढचे बरेच जण येतात, आणि माझ्या पाठीला खरोखर गुण आला. फॉर्म पाठ झाल्यावर मात्र पुढे काय ते कळेना. त्याच सुमारास ताई चीच्या चेन घराण्याचं शिक्षण घेतलेले दुसरे शिक्षक भेटले. ते म्हणतात, फॉर्म बाजूला ठेवा, आधी उभं राहायला शिका. हात छातीसमोर गोल धरून नुसतं उभं राहायचं. मग एका हाताचं वर्तुळ, तेही महिनोन्महिने. व्हिडिओ काढायचा नाही. दुसऱ्या वर्गाला जायचं नाही. दुरुस्ती तोंडी नाही, हात लावून.

आधीच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तो काळ गेला. आता शरीरशास्त्र कळतं. जे दोन महिन्यांत समजावता येतं त्यासाठी दोन वर्षं का घालवायची?

दोघंही सज्जन आहेत. मला विचारायचंय ते असं, की या 'अंतर्गत' (नुसत्या ताकदीपेक्षा शरीराच्या आतल्या जाणिवेवर भर देणाऱ्या) म्हणवल्या जाणाऱ्या कलांमध्ये असं काही आहे का, जे जुन्या पद्धतीशिवाय हाती लागतच नाही? का परंपरेच्या दडपणाखाली आपण तसं मानतो? 'दोन्ही आपापल्या जागी बरोबर' हे उत्तर कृपया नको, त्याने माझं अडलेलं काही सुटणार नाही.

टवाळ_टोळी

जागा धरून बसलोय. मागच्या वेळी सूर्यनमस्काराच्या धाग्याचा शेवट ज्वारीच्या भाकरीवर झाला होता.

वडाचीपारंबी

रानजाई, प्रश्न चांगला आहे, पण 'जुनी पद्धत' म्हणजे कधीची ते आधी ठरवू या. कारण आपण जिला जुनी म्हणतो तिच्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं आहे.

तुमचा २४ चा फॉर्म १९५६ सालचा. चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या लांब फॉर्ममधून काढून तो बसवला, लोकांना पाच-सहा मिनिटांत करता यावा म्हणून. ही झाली उघड उघड नवी पद्धत. पण ज्या यांग घराण्यातून तो काढला त्याची गोष्ट बघा. यांग लुचान (१७९९–१८७२) हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात चेन चांगशिंगकडे शिकले आणि पुढे बीजिंगला शिकवू लागले. त्यांच्या नातवाने, यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी, आज आपण बागांमध्ये पाहतो ती एकसारख्या संथ गतीची, मोठ्या मोकळ्या हालचालींची ताई ची रूढ केली. म्हणजे तीन पिढ्यांत कला ओळखू येणार नाही इतकी बदलली, आणि बदलणारे घराण्यातलेच होते.

सुन लुतांग (१८६०–१९३३) घ्या. शिंगयी, बाग्वा आणि ताई ची तिन्हींत पारंगत. त्यांनी १९१५ पासून पुस्तकं छापायला सुरुवात केली. जी विद्या दाराआड दिली जायची ती छापून बाजारात ठेवणं हे त्या काळात केवढं मोठं धाडस होतं. या तीन कला एका कुळातल्या आहेत ही आज सर्वमान्य असलेली समजूत पक्की होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय गुओशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्था निघाली, तेव्हा तिथे सुरुवातीला शाओलिन (बाह्य कला) आणि वुदांग (अंतर्गत कला) असे दोन विभाग होते, आणि या तिन्ही कला वुदांग विभागात होत्या. म्हणजे 'अंतर्गत' हा शिक्का घट्ट बसवला तो एका आधुनिक सरकारी संस्थेने.

आणि वांग श्यांगझाय (१८८५–१९६३)! शिंगयीतून आलेला हा माणूस. त्याने फॉर्म जवळजवळ टाकूनच दिले आणि नुसतं उभं राहणं हाच पाया धरला. त्याच्या समकालीनांना तो बंडखोर वाटायचा. तुमचे दुसरे शिक्षक तुम्हाला महिनोन्महिने उभं करतायत त्याला आपण 'परंपरा' म्हणतोय, पण फॉर्मच्या आधी उभं राहण्यावर एवढा भर देण्यामागे या बंडखोराचाही हात आहे.

मला वाटतं, जुनं-नवं ही फूटपट्टी इथे चालणार नाही. दुसरी शोधावी लागेल.

फिजिओमी

वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ताई ची स्वतः करते आणि रुग्णांना शिकवतेही. नव्या पद्धतीची बाजू मांडते, कारण ती कमअस्सल आहे असा सूर इथे लवकरच लागेल.

ठरावीक, सगळ्यांना सारखा शिकवता येईल असा फॉर्म नसता तर या कलेवर संशोधनच झालं नसतं. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. एका गटाने ताई ची केली, दुसऱ्याने वजनाचे व्यायाम, तिसऱ्याने स्ट्रेचिंग. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. शरीराचा तोल ताई चीच्या गटात सर्वांत जास्त सुधारला आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा पडण्याचं प्रमाणही कमी झालं. त्या रुग्णांना कोणी शिष्य म्हणून स्वीकारलं नव्हतं, कोणाला वर्षभर उभं केलं नव्हतं. काही निवडक हालचाली, नीट बसवलेल्या. माझ्याकडे येणाऱ्या आजींना घरातल्या घरात पडण्याची भीती असते. त्यांना वंशावळ काय कामाची?

दुसरं, गुडघे. परंपरेच्या नावाखाली खाली, आणखी खाली बसवण्याचा जो अट्टहास चालतो त्याचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. वजन ज्या पायावर आहे तोच पाय जमिनीवर घासत वळवला की पीळ सगळा गुडघ्यात जातो. वळणं कंबरेच्या खाली, मांडीच्या खोबणीत व्हायला हवं. गुडघा पायाच्या बोटांच्या रोखाने राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. हे शरीरशास्त्राने दोन वाक्यांत सांगता येतं. त्यासाठी वर्षभर दुखणं काढायची गरज नाही.

मुळाकाठी

फिजिओमी +१. माझ्या वडिलांना कॉटेजच्या अंगणात ताई ची करायला लावलं तेव्हापासून ते काठी विसरून फिरायला जातात.

टवाळ_टोळी

काठी विसरतात की ठेवून जातात? दोन्हीत फरक आहे, आईला विचारा.

कृष्णाकाठ

आमच्या घरात तीन पिढ्या तालमीतल्या. मी ताई ची करत नाही, पण बघितलीय भरपूर. बाहेरच्या माणसाचं मत म्हणून घ्या.

कुस्तीत वस्ताद कधी कडेला उभे राहून नुसतं सांगत नाहीत, लंगोट लावून समोर येतात. कितीही जोर-बैठका मारल्या, मेहनत केली, तरी लढत धरावीच लागते. समोरचा तुम्हाला पाडायला बघतोय, तुम्ही त्याला. तिथे कोण पारंपरिक आणि कोण आधुनिक हे दोन मिनिटांत बाहेर पडतं. मातीतून मॅटवर गेलो तेव्हाही आमच्याकडे हीच भांडणं झाली. म्हातारी माणसं म्हणायची, मॅटवर कुस्ती राहिली नाही. पण माती असो की मॅट, समोर माणूस होता. त्यामुळे विद्या टिकली.

२०१७ ला चेंगदूमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. शू श्याओदोंग या एमएमएच्या (मिश्र युद्धकलांच्या) खेळाडूने वेइ लेइ या ताई चीवाल्याला अर्ध्या मिनिटाच्या आत आडवं केलं. २०२० ला ताई ची शिकवणारे मा बाओगुओ उतरले, तेही अर्ध्या मिनिटात तीनदा खाली गेले. मला त्यात आनंद नाही, त्या माणसाचं वय बघून वाईटच वाटलं. पण मला सांगा, गेली कित्येक वर्षं त्यांच्या अंगावर खरोखर कोणी धावून गेलं असेल का?

तेव्हा रानजाई, माझा प्रश्न सोपा आहे. तुमच्या दोन शिक्षकांपैकी कोणाच्या वर्गात माणूस माणसाला भिडतो?

सातासमुद्रापार

कृष्णाकाठ यांनी नेमकी जागा पकडलीय, तरी थोडी भर घालतो. मी कॅलिफोर्नियात बाग्वा शिकतो.

बाग्वाचा पाया म्हणजे वर्तुळात चालणं. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल जमिनीला समांतर सरकवायचं, टाच आधी टेकवायची नाही. चिखलातून चालल्यासारखं, म्हणून त्याला तसंच नाव आहे. आतला पाय सरळ, बाहेरचा किंचित आत वळवत. धड वर्तुळाच्या मध्याकडे पिळलेलं, नजर पुढच्या हाताच्या तर्जनीवर. हे सगळं मी इथे लिहिलं, तुम्ही वाचलं, व्हिडिओत पाहिलं तर अगदी असंच दिसेल. आणि तरीही ते चूक असू शकतं.

आमच्या बाई मागून येऊन माझ्या खांद्याच्या पात्याखाली अंगठा ठेवतात आणि माझ्याबरोबर चालतात. त्यांच्या अंगठ्याखाली स्नायू आवळला की थांबतात. मला वाटत असतं खांदा सैल आहे. तो नसतो. मग त्या माझा हात घेऊन स्वतःच्या पाठीवर ठेवतात आणि चालतात. तेव्हा कळतं की पाऊल पुढे गेल्यावर पात्याखाली काय हलतं आणि काय हलत नाही. हे मला कुठल्याही पुस्तकातून मिळालं नसतं. फिजिओमी, शरीरशास्त्राने दोन वाक्यांत सांगता येतं हे मान्य, पण ऐकणाऱ्याला स्वतःचं शरीर त्या क्षणी काय करतंय हेच कळत नसेल तर ती दोन वाक्यं कुठे लावायची?

तेव्हा 'जुन्या पद्धतीशिवाय काय मिळत नाही' याचं माझं उत्तर आहे, स्पर्श. बाकी गुप्तता, वंशावळ, शिष्यत्वाचा विधी, हे सगळं त्याच्याभोवती जमलेलं आहे.

फिजिओमी

सातासमुद्रापार, स्पर्शाबद्दल एकदम मान्य. आमच्या पेशातही हातच बोलतात. पण मग तो आधुनिकही झाला ना! मी रुग्णाच्या माकडहाडावर दोन बोटं ठेवून त्याला बसायला लावते, ते काही चेनजियागौहून आलेलं नाही.

सातासमुद्रापार

बरोबर. म्हणून तर म्हणतो, तीस जणांना समोर उभं करून आरशाकडे तोंड करून शिकवणारा वर्ग आणि तुम्ही, या दोघांत तुम्ही जुन्या बाजूला आहात :)

तर्ककठोर

अजून 'ची' कशी आली नाही या धाग्यात? शरीरात वाहणारी अदृश्य ऊर्जा मोजायचं यंत्र कोणाकडे आहे का? नसेल तर परंपरेतला हा भाग तरी आपण मोकळेपणाने टाकून देऊ या. तोल, स्नायू, श्वास, लक्ष एवढ्यावर सगळं समजावता येतं.

वडाचीपारंबी

तर्ककठोर, मी या शब्दावर भांडणार नाही, पण एक गोष्ट विचारात घ्या. शिक्षक जेव्हा म्हणतो 'ची नाभीखाली उतरू दे', तेव्हा विद्यार्थ्याचे खांदे खाली येतात, श्वास पोटात जातो, छातीतली ताठरता सुटते, वजन पावलाच्या पुढच्या खळग्यावर येतं. एका सूचनेत चार दुरुस्त्या. त्याच चार गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या तर विद्यार्थी चौथी करताना पहिली विसरतो. शिकवण्याचं साधन म्हणून ते उपयोगी आहे, विज्ञानाचा दावा म्हणून नाही. जो शिक्षक तिचा दावा करून पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहावं.

आणि दंतकथांना प्रश्न विचारणं ही काही आजची फॅशन नाही. ताई ची वुदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या योग्याने निर्माण केली, ही कथा तांग हाओ या चिनी संशोधकानेच १९३० च्या दशकापर्यंत खोडून काढली होती. तो चेनजियागौला जाऊन कागदपत्रं शोधून आला. मिंग राजवटीच्या शेवटचा, म्हणजे सतराव्या शतकातला, चेन वांगतिंग हा तिथला मूळ पुरुष धरतात.

मुंबईचीलोकल

पैशांवरून सांगते. इथल्या एका वर्गात मी जायचे, नाव लिहीत नाही. तिथले शिक्षक लांबून हात फिरवायचे आणि जुने विद्यार्थी मागे कोसळायचे. मी नवीन, मी पडले नाही. मला वाटलं ते हसतील आणि सोडून देतील. पण तासानंतर मला बाजूला घेऊन एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने सांगितलं, सरांचा अपमान होतो, पुढच्या वेळी 'प्रतिसाद द्या'. मी पुढच्या वेळी गेलेच नाही. वाईट याचं वाटतं की त्या वर्गातली माणसं खरोखर मेहनती होती. पहाटे उठून यायची. त्यांच्या मेहनतीचं चीज व्हायला हवं होतं.

कृष्णाकाठ

अगदी हेच! पडणाऱ्यांनी शिक्षकाचंही नुकसान केलं. वर्षानुवर्षं कोणी खरं सांगितलं नाही तर त्या माणसालाही वाटू लागतं की आपल्याला येतं.

वडाचीपारंबी

चीनमध्येही याची दखल घ्यावी लागली. २०२० च्या त्या प्रकारानंतर तिथल्या वुशू (चिनी युद्धकला) संघटनेने लोकांना 'महागुरू', 'घराण्याचा प्रमुख', 'अस्सल परंपरा' असली बिरुदं लावू नका असं जाहीरपणे बजावलं.

पण कृष्णाकाठ, एक विनंती. पूर्वी सगळे खरे लढवय्ये होते आणि आता भेसळ झाली, असंही समजू नका. १७ जानेवारी १९५४ ला मकावमध्ये ताई चीच्या वू घराण्याचे प्रमुख वू गोंगयी आणि श्वेत बगळा या दुसऱ्या युद्धपद्धतीचे चेन केफू यांची जाहीर लढत झाली. मदतनिधीसाठी होती. त्याची चित्रफीत उपलब्ध आहे. दोघं नावाजलेले, वू पन्नाशी ओलांडलेले. बघा एकदा. ताई चीचं पुस्तकी रूप तिथे शोधून सापडत नाही, दोन घाबरलेली, धाडसी माणसं एकमेकांवर हात टाकतायत. निकालही दिला नाही. त्यांच्या हिमतीला मी मनापासून मानतो, जाहीर मंचावर चढले. पण तेव्हाही भिडण्याची सवय कमीच होती हे त्यात दिसतं.

ह्वांगपूकाठची

उशिरा आले. मी शांघायमध्ये राहते आणि मागे चेनजियागौला जाऊन आले, तिथलं सांगते. झेंगझोऊहून पीत नदी ओलांडून वेनशियान तालुक्यात जावं लागतं. आजूबाजूला गहू-मक्याची शेतं. आम्हाला वाटलं होतं एखादं झोपाळू खेडं असेल. प्रत्यक्षात गावभर ताई चीच्या शाळा, संग्रहालय, पूर्वजांचं मंदिर. पहाटे ट्रॅकसूट घातलेल्या मुलांच्या रांगा पळताना दिसतात.

मला चटका लावून गेली ती त्या मुलांची मेहनत. दहा-बारा वर्षांची पोरं उडी मारून हवेत गिरकी घेऊन एका पायावर उतरायचा सराव करत होती. ताई चीत उडी? हो, कारण स्पर्धेच्या ताई चीत त्या अवघड उड्यांना गुण आहेत. तीन-चार मिनिटांत सगळं बसवायचं असतं, संगीतावर. एक मुलगा एका पायावर उतरताना पुन्हा पुन्हा डगमगत होता. प्रशिक्षक दर वेळी नुसतं 'परत' म्हणायचे. त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या बनियनमधले एक आजोबा एकटेच चेन घराण्याचा जुना पहिला फॉर्म करत होते. मधूनच पाय आपटून मूठ मारली की त्यांच्या बाहीचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. मुलं त्यांच्याकडे बघतही नव्हती.

पण तिथल्या लोकांनी जे सांगितलं ते ऐकून माझं मत एकतर्फी राहिलं नाही. गावात ही विद्या जवळजवळ संपत आली होती. चेन झाओपेइ १९५८ ला परत येऊन पोरांना शिकवायला लागले, नाहीतर आज जगभर फिरणारी चेन घराण्याची पिढी तयारच झाली नसती. पुढे सांस्कृतिक क्रांतीत अशा गुरूंचे हाल झाले. नंतर जेव्हा विद्या पुन्हा वर आली ती स्पर्धा, शाळा, सरकारी मान्यता यांच्या आधारानेच. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीतही आली. म्हणजे ज्या आधुनिक चौकटीने उड्या आणल्या, तिनेच गावाला जगवलंही. त्या मुलांना यातून क्रीडा विद्यापीठ, प्रशिक्षकाची नोकरी मिळू शकते. त्यांच्या आईबापांना मी कोणत्या तोंडाने सांगू की हे अस्सल नाही?

कृष्णाकाठ

ताई, ओघवतं लिहिलंय. आजोबांची बनियन आणि बाही हे मात्र जुळत नाही :)

ह्वांगपूकाठची

बाह्यांची बनियन असते हो इथे, ढगळ आणि कोपरापर्यंत!

तर्ककठोर

आशियाई स्पर्धांत वुशूमध्ये दोन वेगळे प्रकार असतात ना? ताई चीला परीक्षक गुण देतात, आणि सांदा म्हणजे खरी मारामारी. २०२३ मध्ये हांगझोऊला आपल्या मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवीने सांदात ६० किलो गटात रौप्य मिळवलं.

वडाचीपारंबी

हो, आणि खरी मोडतोड तिथेच झाली असं माझं ठाम मत आहे. एकाच विद्येचे तुकडे केले. सुंदर दिसणारं एका खोलीत, लढाई दुसऱ्या खोलीत, आरोग्य तिसऱ्या खोलीत. आता तिन्ही खोल्यांतले लोक एकमेकांना नावं ठेवतात. जुन्या पद्धतीत फॉर्म, उभं राहणं, जोडीचा सराव आणि शस्त्रं हे एकाच शिक्षकाच्या अंगणात असायचं. फॉर्ममध्ये चुकलेलं जोडीच्या सरावात लगेच उघडं पडायचं, मग परत फॉर्मकडे. ही येजा तुटली. गतीला किंवा फॉर्मच्या लांबीला मी दोष देणार नाही. २४ चा फॉर्म शिकून जोडीने सराव करणारा माणूस ७५ हालचालींचा जुना फॉर्म एकट्याने घोटणाऱ्याच्या कितीतरी पुढे जातो, हे मी पाहिलंय.

या जोडीच्या सरावाला पुश हँड्स म्हणतात, रानजाईंना माहीत नसेल तर सांगतो. दोघं समोरासमोर, मनगटाला मनगट लावून. ढकलायचं, पण जोर लावून नाही. समोरच्याचा तोल कुठे आहे ते हाताने ऐकायचं, तो जिथे ताठ होतो तिथेच त्याला हलवायचं. तो ढकलतो तेव्हा अडवायचं नाही, आणि पळायचंही नाही, चिकटून राहायचं.

कृष्णाकाठ

अहो, मग ही आमची खडाखडी झाली! हाताला हात लावून समोरच्याचा अंदाज घ्यायचा, तो पुढे रेटला की त्याच्याच जोराने ओढायचा. हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी एवढा तावातावाने लिहिलं नसतं.

शिंगयीवेडा

मी शिंगयीवाला, आमचं सोपं असतं. पाच मुठी, एक उभं राहायची ढब, सरळ रेषेत पुढे. उभं राहण्याबद्दल एवढंच सांगतो की वजन मागच्या पायावर ठेवून त्या ढबीत, म्हणजे सांती शीत, उभं राहिल्यावर मांडी थरथरायला लागते तेव्हाच शिक्षण सुरू होतं हे खरं आहे, पण तिथेच ते संपतं असं मानणारे शिक्षकही आहेत. उभं करून ठेवणं शिक्षकाला सोपं पडतं, त्याला काही शिकवावं लागत नाही. तुमचे शिक्षक तुम्ही उभ्या असताना काय करतात? फोन बघतात की तुम्हाला?

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शिंगयीवेडा, तुमचा प्रश्न डोक्यात घेऊनच या आठवड्यात वर्गाला गेले. ते आम्हालाच बघत असतात. एकेकाभोवती फिरतात, कंबरेला हात लावून 'इथे सोड' म्हणतात.

मग धीर करून नियमांबद्दल विचारलं. व्हिडिओबद्दल म्हणाले, नवीन माणूस घरी जाऊन स्क्रीनवरचं बाह्यरूप उतरवतो आणि तेच अंगवळणी पडतं, मग ते सुटायला जास्त वेळ लागतो. वर्षभराने काढा हवा तर. दुसऱ्या वर्गाबद्दल मी जरा वाद घातला. आधीच्या सरांच्या वर्गातली माणसं माझी आता घरची झालीत, ती सोडणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, जा, पण तिथे गेल्यावर इथलं कोणाला शिकवू नका.

आणि कृष्णाकाठ यांचा प्रश्न विचारला, इथे कोणी कोणाला भिडतं का? त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं. माझ्यापेक्षा बारीक, वयानेही मोठ्या. मनगटाला मनगट लावलं. मी ढकललं तर ढकलायला काही सापडेचना, हात होता पण त्याच्यामागे माणूस नव्हता. आणखी जोर लावला तेव्हा माझी टाच उचलली गेलेली मला कळली, त्यांनी काहीच केलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, 'तुम्ही खांद्यातून ढकलताय.' हे वाक्य मी आधीच्या वर्गात निदान शंभरदा ऐकलं असेल. परवा पहिल्यांदा खांद्याला ते ऐकू आलं.

तर सध्या तिथेच जायचं ठरवलंय, आणि रविवार आधीच्या वर्गासाठी. मी आधीच्या सरांनाही सांगणार आहे की शेवटची पंधरा मिनिटं तरी जोडीने काहीतरी घ्या. त्या आजी-आजोबांनाही ते आवडेल. फिजिओमी, उभं राहताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बारीक दुखतं, चालू ठेवू का?

फिजिओमी

आतल्या बाजूला दुखत असेल तर त्या बैठकीत राहू नका. दोन बोटं वर या, मांडी जळली तर चालेल, गुडघ्यात दुखता कामा नये. पाऊल किती बाहेर वळलंय ते बघा, बहुतेक गुडघा आत पडतोय. पावलाचा खळगा सपाट होत असेल तर तिथून सुरुवात आहे. शिक्षकांना दाखवा, ते हात लावून सांगतील. तरीही आठवड्याभरात कमी झालं नाही तर कोणातरी डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवा, धाग्यावर गुडघे तपासता येत नाहीत.

आणि आजी-आजोबांच्या जोडीच्या सरावाबद्दल : मागे भिंत किंवा खुर्ची असू द्या, पावलं समांतर ठेवा, पुढे-मागे न करता फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर. उत्तम कल्पना आहे, मी पण माझ्याकडे सुरू करते.

कृष्णाकाठ

पुढच्या महिन्यात मी कामासाठी पुण्यात आहे. तुमच्या शिक्षकांना चालणार असेल तर एक दिवस येऊन त्या ताईंच्या मनगटाला मनगट लावायचंय. खांद्यातून ढकलायचं नाही एवढं लक्षात ठेवतो.

रानजाई

विचारलं. या म्हणालेत. सकाळी साडेसहाला, आणि जुने कपडे घालून या, जमीन ओली असते.